स्टेअरिंगचं ऑइल गळतंय? आधी पुठ्ठा, मग पाना

आज आम्ही आमच्या गटाच्या ट्रॅक्टरविषयी बोलणार आहोत. "ते ड्रायव्हर बघेल," असं म्हणून रेडिओ बंद करू नका. ज्या गटाकडे अवजार बँक आहे, भाड्यानं ट्रॅक्टर देतात किंवा घरचाच ट्रॅक्टर आहे, त्या सगळ्यांच्या उपयोगाची ही गोष्ट आहे.

आमचा ट्रॅक्टर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. पॉवर स्टेअरिंगचा आहे, म्हणून आमच्यातल्या दोघी तो सहज चालवतात. ऐन रब्बीच्या पेरणीत एका सकाळी त्याच्याखाली तेलाचा डाग दिसला. आम्ही म्हटलं, जुनी गाडी आहे, थोडं गळणारच. वरून ऑइल ओतलं आणि कामाला लागलो. चार दिवसांत स्टेअरिंग जड झालं, वळताना घूं घूं आवाज येऊ लागला. त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाया बसून उतारावरून घरी येत होत्या. आज आठवलं की अंगावर काटा येतो. कारण काही ट्रॅक्टरांत स्टेअरिंग आणि चाक यांना जोडणारा लोखंडी दांडा नसतोच, सगळं काम तेलच करतं. तेल संपलं तर स्टेअरिंग फिरतं, चाक मात्र वळत नाही.

आधी हे चालतं कसं ते बघू. एका टाकीत ऑइल असतं. इंजिनवर चालणारा पंप ते ऑइल जोरानं नळीतून पुढे ढकलतो, आणि त्या जोरावर चाकं वळतात. काम झालेलं ऑइल दुसऱ्या नळीनं टाकीत परत येतं. म्हणजे नळ्या दोन प्रकारच्या. परतीच्या नळीत दाब कमी असतो. तिथे गळत असेल, तर बहुतेक वेळा क्लिप आवळून किंवा नळी बदलून भागतं. पण पंपाकडून जाणाऱ्या नळीचं तसं नाही. मोटारीच्या चाकात साधारण 2 बार हवा असते. या नळीत पूर्ण वळणावर 100 बारच्या आसपास दाब चढू शकतो.

म्हणून पहिला नियम: इंजिन चालू असताना गळती हातानं चाचपायची नाही. बारीक छिद्रातून निघालेली तेलाची धार सुईसारखी कातडीत घुसते. वरून फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. पण आत गेलेलं तेल बोट, कधी हातही निकामी करतं. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. जिथे ऑपरेशनची सोय आहे अशा दवाखान्यात लगेच जा आणि "दाबाचं तेल आत शिरलंय" हे स्पष्ट सांगा.

मग गळती शोधायची कशी? इंजिन बंद करून गार होऊ द्या. नळ्या आणि सांधे डिझेल लावलेल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या फडक्यानं कोरडे करा. आता एकीनं इंजिन मंद चालू ठेवून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवायचं. दुसरीनं बाजूला, चाकाच्या वाटेत न येता उभं राहून, लांब काठीला बांधलेला पुठ्ठा सांध्यांजवळ धरायचा. जिथे पुठ्ठा ओला होतो, तिथे दुखणं. तेल खाली ओघळतं, म्हणून डाग जिथे दिसतो तिथेच गळती असेल असं नाही. सगळ्यात वरची ओली जागा शोधा.

आमच्या ट्रॅक्टरची गळती पंपाजवळच्या सांध्यात निघाली. तिथे नळीच्या टोकाला कडी असते. त्या कडीतून पोकळ बोल्ट जातो, आणि कडीच्या दोन्ही बाजूंना एक एक तांब्याचं वायसर असतं. आम्ही आधी काय केलं? बोल्ट जोर लावून आवळला. गळती वाढली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळली. तरी थेंब थांबेना.

याचं कारण कुकरमध्ये आहे. कुकरची वाफ झाकण नाही अडवत, रिंग अडवते. रिंग कडक झाली की झाकण कितीही दाबा, फुसफुस चालूच. इथेही तेल आटे अडवत नाहीत, वायसर अडवतं. तांबं मऊ असतं, एकदा दाबलं की त्या जागेचा आकार घेतं आणि कडक होतं. पुन्हा तेच लावलं तर नीट बसत नाही. टेपचे तुकडे मात्र ऑइलमधून आत जाऊन अडकू शकतात.

शेवटी एका फिटरदादांना बोलावलं आणि त्यांच्या शेजारी बसून शिकलो. इंजिन बंद करून स्टेअरिंग चार-पाचदा दोन्हीकडे फिरवायचं, म्हणजे उरलेला दाब उतरतो. खाली डबा ठेवायचा. बोल्ट काढून कडीच्या दोन्ही बाजू आणि पंपावरची बसायची जागा पुसून बघायची. तिथे खोल ओरखडा असेल, तर नुसत्या वायसरानं भागणार नाही. त्याच मापाची दोन नवी वायसरं लावायची. बोल्ट आधी हातानं दोन-तीन आटे फिरवायचा. हातानं सरळ जात नसेल, तर पाना लावायचाच नाही, आटे जातील. नळी पिळणार नाही अशी धरून, पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळायचं. नळीलाच चीर गेली असेल, तर सायकलची ट्यूब गुंडाळू नका. तेवढाच दाब सोसणारी नवी नळी घ्या.

मग आत शिरलेली हवा काढायची. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढे-मागे दगड, आणि पुढचा भाग जॅकनं उचलून खाली पक्के ठोकळे. टाकीत पुस्तकात सांगितलेलंच ऑइल भरायचं. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश दहा-पंधरा वेळा फिरवायचं. ऑइल कमी झालं तर भरायचं, मग मंद इंजिनवर तेच करायचं. टोकाला दाबून धरून ठेवायचं नाही. ऑइलवर फेस दिसला तर हवा अजून आत आहे. थोडं थांबून पुन्हा फिरवा. रात्री खाली कोरडा पुठ्ठा ठेवा. सकाळी तो कोरडा, तरच ट्रॅक्टर रस्त्यावर.

डब्यातलं काळं ऑइल विहिरीजवळ, बांधावर ओतू नका, चुलीतही घालू नका. कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या.

दोन वायसरांना चहाच्या दोन कपांएवढे पैसे लागले. पण आमचे पेरणीचे दोन दिवस बुडाले, तीन घरांची पेरणी लांबली, त्यांची बोलणी खावी लागली. आता आमच्या गटात नियम आहे. भाड्यावर जाण्याआधी ट्रॅक्टरच्या खाली बघायचं, ऑइलची पातळी बघायची आणि वहीत लिहायचं. ऑइल परत परत कमी होत असेल, तर ते कुठेतरी जातंय. ते शोधल्याशिवाय ट्रॉलीत कुणालाही बसवायचं नाही.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा, आणि बैठक संपली की सगळ्याजणी मिळून ट्रॅक्टरखाली एकदा बघून या.