जायफळाचे दुकान आणि कार्डाची दस्तुरी
ज्याचा दर १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरास २.७० असा स्थिर आहे, तो पूर्व कॅरिबियन डॉलर चलन म्हणून वापरणाऱ्या ग्रेनाडात, जायफळ विकणाऱ्या एखाद्या लहान दुकानदाराने पर्यटकाचे कार्ड यंत्रावर टेकविले, तरी ती रक्कम सबंध त्याच्या खाती जमा होत नाही. ग्राहकाच्या बँकेचा वाटा, व्हिसा वा मास्टरकार्डाचे शुल्क आणि दुकानदाराच्या बँकेची दस्तुरी वजा जाता उरेल तेच त्याचे. शेकडेवारीखेरीज दर व्यवहारामागे ठरीव आकारही असल्यास लहान विक्रीवर त्याचा भार सर्वाधिक पडतो, आणि मला हेच कलम सर्वांत जाचक वाटते. तिकडे व्यवसाय थाटणाऱ्या मित्रांनो, करारनाम्यावर सही करण्यापूर्वी यंत्राचे भाडे, रक्कम जमा होण्याची मुदत आणि तिचे चलन, ही तिन्ही बँकेकडून लेखी घ्या.