चेंडू थांबलेला, मन धावतंय!

क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो. विचाराला सवडच नसते. गोल्फमध्ये मात्र तो निमूट गवतावर पडून असतो. अठरा होलची फेरी चार तास चालते आणि त्यात प्रत्यक्ष क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरतो तो जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ डोकं मोकळं, म्हणजे भीतीलाही रान मोकळं! म्हणूनच या खेळात मनाची तालीम मनगटाइतकीच मोलाची.

१८ मेजर स्पर्धा जिंकणारा जॅक निकलॉस प्रत्येक फटक्याआधी मनात सिनेमा पाहायचा, तोही उलटा. आधी दिसायचा हिरवळीवर हव्या त्या जागी विसावलेला पांढराशुभ्र चेंडू, मग त्याचा हवेतला मार्ग आणि सगळ्यात शेवटी स्वतःचा स्विंग. सरावातसुद्धा तो हा सिनेमा चुकवत नसे.

स्वीडनच्या आनिका सोरेनस्टामची युक्ती मला सर्वांत आवडते. तिच्या प्रशिक्षक पिया निल्सन यांनी सहकारी लिन मॅरियटसोबत ही पद्धत घडवली. चेंडूमागे एक काल्पनिक रेघ ओढायची. वारा, अंतर, कुठला क्लब, सगळी खलबतं रेघेच्या अलीकडे. रेघ ओलांडली की विचार बंद, फक्त फटका. निल्सन यांचं स्वप्न होतं ५४ फटक्यांचं: पार ७२च्या, म्हणजे ७२ फटके अपेक्षित असलेल्या मैदानावर अठराही होलला बर्डी, म्हणजे प्रत्येकी एक फटका कमी! आनिका १६ मार्च २००१ रोजी फिनिक्समध्ये ५९पर्यंत पोहोचली. १३ बर्डी, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) एकही नाही. महिलांच्या एलपीजीए स्पर्धेत ५९ मारणारी ती पहिली स्त्री.

रेघेपलीकडे विचार का नको? सराईत हाताला पोळी लाटताना ‘इतकी गोल कशी जमते?’ असं विचारा, नेमकी तीच पोळी वाकडी होते. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांच्या प्रयोगांतही तेच दिसलं. मुरलेल्या खेळाडूंनी स्वतःच्या हालचालीवर लक्ष ठेवलं की त्यांचा पट, म्हणजे हिरवळीवरून होलाकडे हलकेच मारायचा फटका, बिघडतो. नवख्यांचं उलट, त्यांना लक्ष देण्याचा फायदाच होतो. तेव्हा शिकाऊ असाल तर अवश्य विचार करा!

नजरेचंही तंत्र आहे. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९२मध्ये दाखवलं की पट मारण्याआधी कसलेल्या खेळाडूची नजर चेंडूवर दोन-तीन सेकंद स्थिर राहते, नवख्याची भिरभिरते. फटका बसल्यावरही क्षणभर त्याच जागी पाहत राहा. मान वर करायची घाई नको.

ऑस्ट्रेलियाचा जेसन डे तर फटका मनात पाहण्यासाठी आधी चक्क डोळे मिटून घेतो. २०१५ची पीजीए चॅम्पियनशिप त्याने जिंकली. त्याच स्पर्धेत संयुक्त पाचवा आलेला अनिर्बन लाहिरी जन्माने पुणेकर आणि साधना विपश्यनेची. आपल्या इगतपुरीच्या केंद्रात शिकवतात तीच.

आता मनाचा सगळ्यात मजेदार खोडसाळपणा. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या संशोधकांनी व्यावसायिक खेळाडूंचे २५ लाखांहून अधिक पट तपासले. अंतर सारखंच असलं तरी पारसाठीचा पट बर्डीच्या पटापेक्षा जास्त वेळा होलात जातो. कमावण्यापेक्षा गमावण्याची धास्ती माणसाला जास्त सावध करते. टायगर वूड्ससुद्धा याला अपवाद नव्हता! तेव्हा पुढच्या वेळी बर्डीची संधी आली की मनाला बेलाशक सांगा, ‘हा पारचाच पट आहे.’