आपली माहिती, आपली संमती: कापसाच्या काट्यापासून धर्मग्रामाच्या नोंदवहीपर्यंत

कापसाचा हंगाम आला की वणीच्या बाजारपेठेत आता दोन रांगा लागतात. एक रांग कापसाने भरलेल्या गाड्यांची आणि दुसरी ऑनलाइन सेवा केंद्रांसमोरची. ही दुसरी रांग नवी आहे. भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे आपल्या बोलण्यातील सीसीआयने, २०२५-२६ च्या हंगामापासून हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर आगाऊ नोंदणी आवश्यक केली. आधार क्रमांक, मोबाइलवर येणारा ओटीपी, सातबारा आणि त्यावरील पिकाची नोंद हे सारे जुळले, तरच कापूस काट्यावर चढणार. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ज्या घराचे वर्षभराचे गणित या दरावर उभे आहे, तो कास्तकार नोंदणीच्या वेळी प्रश्न विचारत बसत नाही. तो आपला मोबाइल केंद्रचालकापुढे ठेवतो आणि आलेला ओटीपी चारचौघांत मोठ्याने सांगतो.

या नोंदणीमागील हेतू वाईट आहे असे म्हणता येणार नाही. कास्तकाराच्या नावावर भलत्यानेच माल विकू नये आणि पैसे थेट त्याच्या बँक खात्यात जमा व्हावेत, ही अपेक्षा योग्यच आहे. प्रश्न निराळा आहे. एका कामासाठी दिलेली माहिती त्या एका कामापुरतीच राहते का? ती कोणाकडे साठते, पुढे कोणाला दिली जाते, आणि ती चुकीची निघाल्यास दाद कोठे मागायची?

“आमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?” असे अनेक जण विचारतात. याचे उत्तर कापूस विकणाऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. कोणाच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे, कोणाच्या कर्जाचा हप्ता थकला आहे, कोणाला आजच पैशांची निकड आहे, हे ज्या व्यापाऱ्याला कळते तो भाव पाडून मागतो. म्हणून शहाणा माणूस बाजारात आपली अडचण बोलून दाखवत नाही. तो खोटे बोलत नसतो. आपली बाजू राखत असतो. खाजगीपणाचा अर्थ मुळात एवढाच आहे. फरक इतकाच की पूर्वी ही माहिती मिळवण्यासाठी गावात फिरावे लागे. आता जमीन, पीक, कर्ज, अनुदान आणि बँक खाते यांच्या नोंदी एका क्रमांकाने एकमेकींशी जोडता येतात.

हा प्रवास आपल्याच राज्यात सुरू झाला. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. त्या वेळी ही योजना ऐच्छिक म्हणून सांगितली गेली होती. पुढे रेशन, शिष्यवृत्ती, गॅस अनुदान अशा एकेका गोष्टीशी आधार जोडले गेले. २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात पाचपैकी चार न्यायाधीशांनी शासकीय लाभांसाठी आधारची सक्ती मान्य केली. मात्र बँक खाते, मोबाइल क्रमांक व शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती अमान्य केली.

महाराष्ट्र शासनाने १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य केला. हा क्रमांक ‘ॲग्रिस्टॅक’ या देशव्यापी व्यवस्थेचा भाग आहे. याच व्यवस्थेच्या उभारणीच्या काळात, २०२१ मध्ये, केंद्रीय कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्ट व अन्य काही कंपन्यांशी प्रायोगिक स्वरूपाचे करार केले होते. देशात माहितीच्या संरक्षणाचा कायदाच नसताना शेतकऱ्यांच्या नोंदी कंपन्यांच्या हाती का द्यायच्या, असा आक्षेप शेतकरी संघटनांनी व डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांनी घेतला होता. तो आक्षेप रास्त होता.

असा कायदा ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या मंजुरीने झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांच्या पूर्ततेसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. या कायद्यातील चार तरतुदी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असाव्यात. पहिली, संमती मोकळेपणाने दिलेली व ठरावीक कामापुरती असली पाहिजे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने तुमच्या मोबाइलमधील सर्व संपर्क क्रमांक मागितले आणि तुम्ही ‘हो’ म्हटले, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे. दुसरी, संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. तिसरी, संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. चौथी, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

परंतु हा कायदा कंपनीला जितका बांधतो, तितका शासनाला बांधत नाही. नागरिकाने पूर्वी संमती दिली असेल किंवा माहिती सरकारी दप्तरात आधीच असेल, तर अनुदान व लाभ यांसाठी ती वापरताना शासनाला नव्याने संमती घ्यावी लागत नाही. देशाची सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळूही शकते. सुरक्षेसाठी काही सवलत लागते हे मान्य केले, तरी ती कोणी, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली वापरायची याचे उत्तर लोकशाहीत नागरिकांना मिळाले पाहिजे.

कंपन्यांचा मार्ग वेगळा असला तरी अडचण सारखीच आहे. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपले धोरण बदलले आणि ते स्वीकारण्यावाचून वापरकर्त्यांपुढे पर्याय ठेवला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ज्या ‘हो’ला ‘नाही’चा पर्यायच नसतो, त्या ‘हो’ला संमती म्हणणे कठीण आहे. ही कसोटी परदेशी कंपनीला लावायची, तर हमीभावाच्या रांगेत उभ्या असलेल्या कास्तकाराच्या ‘हो’लाही ती लावली पाहिजे. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसेल, तर त्याची माहिती जपण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर दुप्पट येते.

दुसऱ्यांना प्रश्न विचारताना आपले घरही पाहिले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम २२० प्रत्येकाच्या नावलौकिकाचे व खाजगीपणाचे रक्षण सांगते. आपल्या धर्मग्रामांत बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व मृत्यूच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. त्या नोंदवह्या कपाटात कुलूपबंद असतात. पण आज कुटुंबांच्या याद्या, फोन क्रमांक आणि जन्मतारखा संगणकावर आल्या आहेत. आजारी माणसासाठी प्रार्थना मागताना त्याच्या तपासणीचा अहवालच व्हॉट्सॲप गटावर टाकला जातो. हेतू चांगला असतो, पण त्या आजारी माणसाला कोणी विचारलेले नसते. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांना विचारण्याची सवयही आपण लावून घेतली पाहिजे.

आपल्या हाती असलेल्या काही गोष्टी आजच करता येतील. जेथे चालते तेथे आधारची ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. तिच्यावर पहिले आठ अंक झाकलेले असतात. झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर काम व तारीख लिहावी. अंगठ्याच्या ठशाचा गैरवापर टाळण्यासाठी बायोमेट्रिक कुलूप लावण्याची सोय आधार प्राधिकरणाने दिली आहे. गरजेच्या वेळी ते उघडता येते. ओटीपी स्वतः टाईप करावा, मोठ्याने सांगू नये. खात्यातून पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आपल्या धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांना एक विनंती आहे. हंगामाच्या दिवसांत आठवड्यातून दोन तास तरी त्या दुसऱ्या रांगेजवळ उभे राहा. पडद्यावर आलेला मजकूर आपल्या काका-मावशींना मराठीत वाचून दाखवा आणि कोणती माहिती कशासाठी मागितली आहे ते सांगा. आपला बाप काट्यावर कापूस चढवताना वजन स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. माहिती देतानाही त्याला तसेच पाहता आले पाहिजे.