साखर किती घालू?

सकाळी साडेसहा

पोचले तेव्हा आक्का झोपलेल्या होत्या. बरं वाटलं. पहिले दोन महिने त्या पाचलाच उठून, अंथरुणाची चौकोनी घडी करून तिच्यावर बसून राहायच्या. कशाची वाट बघताय विचारलं की म्हणायच्या, "मोजायला येतील ना." एकोणीस वर्षं सरकारी मनोरुग्णालयात काढलेल्या बाईच्या अंगातून सकाळची मोजणी सहजी जात नाही. इथं कुणी मोजत नाही, हे सांगून त्यांना पटलं नाही. एका सकाळी डोळा लागून राहिला, एवढंच.

घर कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर आहे. तीन खोल्या, पाच बायका. सगळ्या बऱ्या झालेल्या, पण न्यायला कुणी न आलेल्या. इथं दीड वर्ष राहायचं, मग आपापली भाड्याची खोली बघायची. कागदोपत्री या जागेला 'हाफवे होम' म्हणतात, बायका 'आपली खोली' म्हणतात. मी इथली दिवसाची कार्यकर्ती. मी चाळिशीतली, आक्का साठीला टेकलेल्या, तरी मला सगळ्या 'ताई' म्हणतात. त्यांची नावं आणि गावं मी इथं सांगणार नाही.

खालच्या आजींनी जिन्याच्या कठड्यावर काठी आपटली. म्हणजे नळाला पाणी आलं. "वेड्यांचं बिऱ्हाड नको" म्हणून मालकाकडे पहिल्यांदा याच गेल्या होत्या. आमच्याशी अजून बोलत नाहीत. काठी मात्र चुकत नाही आणि तिच्यावर आमची पिंपं भरतात.

सव्वासात

चहाची पाळी धाकटीची. धाकटी म्हणजे अठ्ठावीस वर्षांची. तिनं मावशींना विचारलं, "साखर?" मावशी म्हणाल्या, "अर्धा चमचा."

या अर्ध्या चमच्याला अठरा दिवस लागले होते. वर्षानुवर्षं मोठ्या पातेल्यातला, आधीच गोड केलेला चहा प्यालेल्या माणसाला "साखर किती घालू?" हा प्रश्नच कळत नाही. "तुम्ही घालाल तेवढी," असं त्या रोज सांगायच्या. मी रोज डबा पुढे ठेवून गप्प बसायची. चहा निवायचा, माझा हात शिवशिवायचा. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी स्वतः अर्धा चमचा घातला आणि म्हणाल्या, "मला गोड आवडत नाही." न आवडणारा चहा बाई किती वर्षं पीत होती, याचा हिशोब मी केला नाही.

चहानंतर गोळ्या. प्रत्येकीची सात कप्प्यांची डबी आहे आणि ती तिनंच भरायची. मी नुसतं बघते. धाकटीला क्लोझापिन नव्यानं सुरू झालंय, त्यामुळे पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. हा तिचा सातवा. आक्कांना लिथियम आहे, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात पाण्याची बाटली जवळ हवीच. घाम गेला आणि पाणी कमी पडलं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. हे त्यांना पाठ आहे. मला शिकवतात.

साडेनऊ

तांबट आळीतली ठकठक सुरू झाली. तांब्याची भांडी मठारण्याचा हा आवाज कसब्यातल्या लोकांच्या कानांना इतका सवयीचा आहे की तो थांबला तरच लक्ष जातं. मावशी आल्या त्या आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन अगदी हळू विचारलं होतं, "हा आवाज तुम्हालाही येतो का?" मी "येतो" म्हटलं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. ज्या बाईनं कानातल्या आवाजांपायी घर गमावलं, ती माझ्या शब्दावर का विश्वास ठेवेल? आम्ही आवाजामागून चालत गेलो. मांडी घालून बसलेला कारागीर घागरीवर एकेक ठोका शेजारी शेजारी मारत होता. मावशींनी अर्धा तास हातोडीकडे पाहिलं. उठताना म्हणाल्या, "हा खरा आहे." ते ऐकून कारागिरानं एकदा वर बघितलं आणि पुन्हा ठोके सुरू केले.

दहा

आज आक्कांचा येरवड्याचा फॉलोअप. कसबा पेठ स्टेशन 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झालं, तोपर्यंत आम्ही बस किंवा रिक्षानं जायचो. आता मेट्रो. एकच स्टेशन जायचं आणि कोर्टाच्या स्टेशनात गाडी बदलायची. पण तिथं आपली गाडी जमिनीखाली तेहतीस मीटरवर थांबते आणि येरवड्याची सुटते रस्त्याच्या वरून. मधे सरकते जिनेच जिने. पहिल्या खेपेला आक्का जिन्यासमोर उभ्या राहिल्या आणि मागे रांग लागली. मी हात धरून ओढलं. वर पोचल्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "ओढून तिथं न्यायचे."

तेव्हापासून मी चार माणसं मागे राहते. आज त्यांनी तिकीट काढलं, उरलेले पैसे मोजले, जिन्यासमोर थांबल्या, एक पायरी सोडली, दुसरी सोडली, तिसरीवर पाय ठेवला. एक तरुण मुलगा "चला ना आजी" म्हणाला. त्याला वळून म्हणाल्या, "थांब की."

ओपीडीत दहा मिनिटांचं काम होतं. वाट दीड तास बघितली. नेहमीचंच.

साडेबारा

येताना एका सरकारी कार्यालयात उतरलो. गेल्या चार महिन्यांतली ही पाचवी खेप. आक्कांना संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळावं म्हणून अर्ज केलाय. अट अशी की अर्जदार किमान 15 वर्षं महाराष्ट्राचा रहिवासी हवा. खिडकीपलीकडच्या बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "पंधरा वर्षांचा पुरावा? लाइट बिल, रेशन कार्ड, भाडेकरार, काहीही चालेल."

एकोणीस वर्षं ही बाई सरकारच्याच छपराखाली राहिली. सरकारनं जेवू घातलं, कपडे दिले, रोज सकाळी मोजलं. त्या एकोणीस वर्षांचं लाइट बिल तेवढं तिच्या नावावर आलं नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 19 मी कोळून प्यायलेय. कुटुंब नाही, कुटुंब घेत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवू नये, असं ते सांगतं. कलम 18 म्हणतं, सरकारनं हाफवे होम आणि आधाराच्या राहण्याच्या जागा उपलब्ध करून द्याव्यात. ओळी छान आहेत. पण त्या ओळींना शेवटी एक वाडा लागतो, हो म्हणणारा मालक लागतो, पाच जणींना पुरेल असा संडास लागतो. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या दारातून बाहेर पडणाऱ्याला पहिला प्रश्न येतो पत्त्याचा. आधारसाठी मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा दाखला चालतो, म्हणून ते कार्ड झालं. त्यावर 'कसबा पेठ, पुणे' असं छापून आलं त्या दिवशी आक्कांनी ते उशीखाली घेतलं.

आज मी रुग्णालयाच्या दाखल्याचा कागद पुढे केला. खिडकीतून उत्तर आलं, "साहेबांना विचारावं लागेल." मी वाद घालायला तोंड उघडलं, तोच आक्का म्हणाल्या, "विचारा. आम्ही बाकावर बसतो." बसलो. साहेब जेवायला गेले होते. तीनपर्यंत आले नाहीत.

साडेतीन

खोलीवर धाकटी आणि आणखी एक जण पणत्या रंगवत बसल्या होत्या. दिवाळी तोंडावर आली की कुंभारवाड्यात हातांची गरज पडते, नगावर पैसे मिळतात. तिसरी पोळीभाजी केंद्रावर गेलेली. ती सकाळी दहानंतरच जाते, कारण रात्रीच्या गोळीची गुंगी त्याआधी उतरत नाही.

तिच्या आधीच्या कामाचं माझ्या मनावर ओझं आहे. तिला न सांगता मी तिथल्या मालकाला भेटले होते. आजारपणाची कल्पना दिली, जरा हलकं काम द्या म्हटलं. हेतू चांगला होता. दुसऱ्या दिवशी तिला काम नव्हतं. ती माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही आणि मग म्हणाली, "माझं सांगायचं की नाही ते मी ठरवणार होते." नवीन जागी तिनं काय सांगितलंय, मला माहीत नाही. विचारलेलं नाही.

साडेपाच

शिंपी आळीत एक खोली बघायला मावशी आणि पोळीभाजीवाली गेल्या. दोघी मिळून भाड्यानं राहणार आहेत. एजंटानं विचारलं, "मिस्टर काय करतात?" मावशी म्हणाल्या, "नाहीत." "मग कोण कोण राहणार?" "आम्ही दोघी, बहिणी." खोलीत कोंदट वास होता, डिपॉझिट जास्त होतं. नको म्हणून परत आल्या. मला वाटत होतं घ्यावी, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण मावशी म्हणाल्या, "ताई, वास तुम्हाला येणार नाहीये, आम्हाला येणार आहे."

पुण्याच्या पेठांना असली घरं नवी नाहीत. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते याच गावात. त्यांच्या शेजाऱ्यांनी काय काय केलं असेल, हे काठीच्या आवाजावर पाणी भरताना मनात येतं.

साडेसात

स्वयंपाकावरून भांडण. वांगं की दोडका. मत फक्त राहणाऱ्यांना, मला नाही. तीन विरुद्ध दोन, वांगं. हरलेल्या दोघींनी भाजी कमी आणि ताक जास्त घेतलं.

मी हिशोबाची वही बघितली. धाकटीनं पणत्यांच्या पैशातून स्वतःसाठी कुलूप आणलंय, तिच्या पत्र्याच्या पेटीला. पेटीत काय, ते मला दिसत नाही.

साडेआठ

रात्रीच्या सोबतीच्या बाई आल्या. मी पर्स उचलली. आक्का दाराशी आल्या.

"उद्या किती वाजता येताय?"

"साडेसहा. रोजचीच वेळ."

त्यांनी जरा विचार केला. "आठला आलात तरी चालेल."

मी जिना उतरले. खालच्या आजींच्या दारातून दिव्याची रेघ पडली होती आणि काठी भिंतीला टेकवून ठेवलेली होती.