रणांगण, रुपेरी पडदा आणि स्त्री

लष्करी इतिहासाचा कोणताहि ग्रंथ उघडला, तर त्यांत सेनापतींचीं नांवें, व्यूहांचे नकाशे आणि तहांच्या तारखा सांपडतात. ज्या स्त्रियांनीं जखमा बांधल्या, तोफगोळे भरले किंवा विमानें चालविलीं, त्यांचा उल्लेख बहुधा एखाद्या तळटीपेंत असतो. पण असे ग्रंथ वाचणारे थोडे. पुष्कळांची युद्धाविषयींची कल्पना चित्रपटगृहांतच तयार होते. म्हणून, श्रोतेहो, दोन महायुद्धांनीं पडद्यावरील स्त्रीला कोणतें रूप दिलें, व तें तसेंच कां दिलें, हें आज आपण पाहूं.

पहिल्या महायुद्धानें चित्रपटाला दोन सांचे दिले. एडिथ कॅव्हेल ही इंग्रज परिचारिका ब्रुसेल्स येथें परिचारिकांची शाळा चालवीत असे. दोस्त राष्ट्रांच्या सुमारें २०० सैनिकांना तिनें बेल्जममधून निसटून जाण्यास साहाय्य केलें, म्हणून जर्मनांनीं तिला १२ ऑक्टोबर १९१५ रोजीं गोळ्या घातल्या. माता हारी या नर्तकीला हेरगिरीच्या आरोपावरून फ्रेंचांनीं १९१७ सालीं तोच दंड दिला. पहिलीवर हर्बर्ट विलकॉक्सनें १९२८ सालीं 'डॉन' हा चित्रपट काढला. दुसरीची भूमिका १९३१ सालीं ग्रेटा गार्बोनें केली. एक साध्वी, दुसरी मोहिनी. परंतु युद्धकाळीं रोजचें काम करणारी साधी स्त्री या दोहोंत कोठेंच नव्हती. शिवाय 'डॉन' निघाला तेव्हां ब्रिटनला जर्मनीचा स्नेह हवा होता. परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनीं नापसंती दर्शविली, परीक्षण मंडळानें प्रमाणपत्र नाकारलें, आणि स्थानिक संस्थांच्या परवानगीनेंच तो लोकांपुढें आला. स्त्रीचें बलिदान केव्हां दाखवावें हेंहि राजकारण ठरवूं पाहत होतें, तें असें.

दुसऱ्या महायुद्धांत गरज बदलली. डिसेंबर १९४१ मध्यें ब्रिटनमध्यें कायदा होऊन वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रसेवा सक्तीची झाली. लागलीच पडद्यावरील स्त्रीहि बदलली. १९४२ च्या 'मिसेस मिनिव्हर' मध्यें एक गृहिणी आपल्या स्वयंपाकघरांत शत्रूच्या वैमानिकास धैर्यानें तोंड देते; अमेरिकेंत निघालेल्या या चित्रपटास सहा अकादमी पारितोषिकें मिळालीं. १९४३ च्या 'मिलियन्स लाइक अस' या ब्रिटिश चित्रपटाची नायिका तर विमानांच्या कारखान्यांतील एक साधी कामगार आहे. तिचा सैनिक पति मारला जातो, आणि ती सहकारिणींबरोबर कामावर टिकून राहते. ह्या चित्रपटामागें सरकारच्या माहितीखात्याची प्रेरणा होती. तरीहि त्यांत एक प्रामाणिक प्रसंग आहे. कारखान्याचा मुकादम एका श्रीमंत घरच्या मुलीवर प्रेम करतो, पण विवाहाचा निर्णय लांबणीवर टाकतो. कारण युद्धकाळची ही समानता शांततेंतहि टिकेल, याची त्याला खात्री वाटत नाहीं.

त्याची शंका खरी ठरली. अमेरिकेंत १,०७४ स्त्रियांनीं लष्करी विमानें चालविण्याचें शिक्षण पूर्ण केलें होतें. त्या कारखान्यांतून विमानें तळांवर पोंचवीत व इतर कामें करीत. त्यांच्या पथकांतील ३८ जणींना शिक्षण घेतांना किंवा कामावर असतां मृत्यु आला. परंतु कायद्यानें त्या सैनिक नव्हत्या. म्हणून त्यांना लष्करी मानवंदना नव्हती, आणि शव घरीं पोंचविण्याचा खर्चहि कुटुंबियांनीं किंवा मैत्रिणींनीं सोसावयाचा. डिसेंबर १९४४ मध्यें त्यांचें पथक मोडण्यांत आलें, आणि सैनिक म्हणून मान्यता मिळण्यास १९७७ साल उजाडलें. १९४६ सालीं 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज' हा थोर चित्रपट निघाला. परत आलेल्या तीन योद्ध्यांचें दुःख त्यांत हृदयस्पर्शी आहे; स्त्रिया मात्र त्यांत मुख्यत्वें त्यांना सांवरणाऱ्या किंवा सोडून जाणाऱ्या आहेत. युद्धांत स्वतः स्त्रीनें काय केलें, हा प्रश्नच पडद्यावरून निघून गेला.

रशियांत सुमारें आठ लक्ष स्त्रिया सैन्यांत होत्या. त्यांपैकीं एक वैमानिक दल सर्वस्वी स्त्रियांचें असून तें लांकूड व कापड यांच्या जुनाट विमानांतून रात्रीं बाँब टाकी. जर्मन सैनिक त्यांना 'रात्रीच्या चेटकिणी' म्हणत. त्या दलांतील येवगेनिया झिगुलेन्को ही पुढें चित्रपट-दिग्दर्शिका झाली, आणि १९८१ सालीं तिनें आपल्याच दलावर चित्रपट काढला. ज्या हातांनीं विमान चालविलें, तेच हात पडद्यावर त्याची कथा सांगत होते. पण युद्ध संपून तेव्हां छत्तीस वर्षें लोटलीं होतीं.

या सर्वांतून एक गोष्ट ध्यानांत येते. राष्ट्राला स्त्रीच्या हातांची निकड भासली तेव्हां पडद्यानें तिचे हात दाखविले. निकड सरतांच तिचा केवळ चेहरा दाखविला. आणि ग्रंथांत जिची नोंद नाहीं, ती पडद्यावरूनहि गेली, तर पुढील पिढीच्या दृष्टीनें ती नव्हतीच, असें होतें. म्हणून यापुढें युद्धाचा चित्रपट पाहतांना मुलांना जवळ बसवून दोन प्रश्न अवश्य विचारावे: या कथेंतील स्त्री नेमकें कोणतें काम करते? आणि शेवटीं त्या कामाचें काय होतें? उत्तर मिळालें नाहीं, तर तेथें इतिहासाचें एखादें पान गळालें आहे असें समजावें, आणि तें शोधावयास लागावें.