एक उपग्रह, दोन मालक

भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या गच्च्यांवर टाटा प्लेच्या डिश जवळजवळ थेट दक्षिणेकडे रोखलेल्या असतात. त्यांचा उपग्रह 83 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि भिलाई 81 च्या किंचित पुढे. त्याच गच्चीवरून थोडं पश्चिमेला वळून क्षितिजापासून 64 अंश वर नजर लावली, तर डोळ्यांना काहीच दिसणार नाही. पण भूस्थिर कक्षेतली ती 74 अंशांची जागा आपल्या नौदलाच्या ‘रुक्मिणी’ला, म्हणजे जीसॅट-7 ला, 2013 साली मिळाली. तिथून जेमतेम 1500 किलोमीटरवर, 72 अंशांवर, इंटेलसॅट-22 आहे. या दोन उपग्रहांची कहाणी शेजारी ठेवून वाचायला हवी.

इंटेलसॅट हे नाव मराठी माणसाला परकं नाही. नारायणगावजवळ आर्वीला 1971 साली सुरू झालेलं विक्रम भूकेंद्र हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅटमार्फतच परदेशाशी बोलायचं. तेव्हा ती अनेक देशांची सामाईक संस्था होती. पुढे तिची खासगी कंपनी झाली. मार्च 2012 मध्ये बैकानूरहून प्रोटॉन रॉकेटने गेलेला इंटेलसॅट-22 मुळात व्यापारी: दूरचित्रवाणी, इंटरनेट, फोन. पण त्याच्याच अंगावर ऑस्ट्रेलियाच्या सैन्यासाठी यूएचएफ पट्ट्यातल्या 18 वाहिन्यांचा लष्करी पेलोड बसवलेला आहे. या लहरी लांब असतात. पाऊस त्यांना फारसा अडवत नाही, झाडीतूनही त्या बऱ्यापैकी जातात आणि मोठी डिश लागत नाही. सैनिकाच्या पाठीवरच्या संचातून 36 हजार किलोमीटरवर बोलता येतं. वहनक्षमता मात्र तुटपुंजी, एकेक वाहिनी 25 किलोहर्ट्झची. एकाच उपग्रहावर बसल्यामुळे रॉकेट, सौरपंखे, इंधन या सगळ्याचा खर्च कंपनी आणि सैन्य या दोघांत वाटला जातो आणि सैन्याला स्वतंत्र उपग्रहाची वाट पाहावी लागत नाही.

ही पद्धत जुनी आहे. 1976 साली कॉमसॅट जनरल कंपनीने सोडलेल्या तीन मॅरिसॅट उपग्रहांवर अमेरिकी नौदलाने यूएचएफ वाहिन्या भाड्याने घेतल्या होत्या आणि त्याच उपग्रहांवरून व्यापारी जहाजंही बोलत होती. पुढे 1982 मध्ये जहाजांना उपग्रह-संपर्क देणाऱ्या इन्मारसॅटची सेवा सुरू झाली, ती याच उपग्रहांच्या आधारावर. रुक्मिणी येईपर्यंत आपल्या युद्धनौकाही उपग्रह-संपर्कासाठी या परक्या इन्मारसॅटवर विसंबून होत्या. आपल्या ताफ्याचा संवाद दुसऱ्याच्या यंत्रणेतून जावा, ही गोष्ट मला आजही खुपते.

भिलाई समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तरी नौदलाशी तिचं नातं पोलादाचं आहे. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत ताफ्यात दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीने सुमारे 30 हजार टन खास पोलाद पुरवलं. भिलाई, बोकारो आणि राउरकेला या कारखान्यांतून ते गेलं. एवढं जहाज बांधायचं आणि त्याचं बोलणं भाड्याच्या तारेवर ठेवायचं, हे चाललं नसतं.

एकाच उपग्रहावरच्या अशा व्यापारी-लष्करी भागीदारीतला खरा धोका पैशाचा नाहीच. 24 फेब्रुवारी 2022 रोजी, रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्याच पहाटे, व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट या व्यापारी उपग्रहाच्या जमिनीवरच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला. युक्रेनचं सैन्य ती सेवा वापरत होतं. हजारो मोडेम निकामी झाले, आणि पार जर्मनीतल्या सुमारे 5800 पवनचक्क्यांचं दूरनियंत्रण तुटलं. त्या पवनचक्कीवाल्यांचा या युद्धाशी काय संबंध? एकाच यंत्रावर नागरिक आणि सैनिक बसले की शत्रू त्यांना वेगळं करत बसत नाही. म्हणून ज्या कंपनीच्या उपग्रहावर लष्करी पेलोड आहे, तिने आपल्या नागरी ग्राहकांना ते आधी सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

भारताने नौदलापुरता वेगळा उपग्रह केला, हे महाग पडलं तरी योग्यच झालं. मात्र 2650 किलोची रुक्मिणी उचलण्याची ताकद तेव्हा आपल्या जीएसएलव्ही रॉकेटात नव्हती. फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-5 ने ती गेली, तीही दुसऱ्या एका व्यापारी उपग्रहासोबत. तिची जागा घेण्यासाठी तयार केलेला 4410 किलोचा सीएमएस-03 मात्र 2 नोव्हेंबर 2025 रोजी श्रीहरिकोट्यावरून, आपल्याच एलव्हीएम-3 ने वर गेला.