प्रतिजैविक नेत्रबिंदू आणि मलम : तारतम्य हवे

जुलै २०२३ मध्ये आळंदीत हजारो जणांना नेत्राभिष्यंद झाला. लोकभाषेत सांगायचे तर डोळे आले. पाहता पाहता पुणे शहरातही साथ पसरली. ही साथ विषाणूजन्य होती. प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. असे असूनही डोळा लाल दिसताच प्रतिजैविक थेंब मागण्याची व देण्याची सवय रुजलेली आहे. म्हणून हा विषय सभासदांपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

पाण्यासारखा स्राव, खुपणे व लाली ही लक्षणे बहुधा विषाणूजन्य विकारात आढळतात. तो साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत आपोआप शमतो. दाट पू येऊन पापण्या वारंवार चिकटत असतील, तर जिवाणूसंसर्गाची शक्यता अधिक असते. तीव्र वेदना, दृष्टी मंदावणे, प्रकाश सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका किंवा नवजात बालकाच्या डोळ्यांतून स्राव यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांबाबतही हेच धोरण ठेवावे.

सर्वाधिक धोका प्रतिजैविक व स्टिरॉइड यांच्या मिश्र थेंबांचा. त्यांनी लाली लवकर उतरते, म्हणून रुग्ण तेच पुन्हा मागतो. परंतु नागीण-विषाणूचा व्रण त्यांमुळे चिघळतो. दीर्घकाळ वापरल्यास नेत्रदाब वाढून काचबिंदू, तसेच मोतीबिंदूही होऊ शकतो.

वापराची रीत रुग्णास समजावून द्यावी. हात धुऊन खालची पापणी ओढावी व एकच थेंब घालावा. अधिक थेंब गालावर ओघळतात. नंतर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबावा. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे व मलम शेवटी लावावे. मलमाने काही काळ धूसर दिसते, तेव्हा वाहन चालवू नये. बाटलीचे टोक पापणीस लागू देऊ नये. एक बाटली एकाच रुग्णाची असावी व उघडल्यावर महिन्याने टाकून द्यावी. निर्जंतुकतेचा हा दंडक आश्चोतनाच्या द्रव्यांनाही लागू आहे. घरगुती मध वा अर्क डोळ्यांत घालू देऊ नये.

औषधविक्रेत्यांनी ही औषधे चिठ्ठीवाचून देऊ नयेत. मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखी औषधे अनुसूची एच-१ मध्ये असून, डोळ्यांच्या थेंबांचीही स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते.

साथीत धीर, स्वच्छता व थंड पाण्याची पट्टी यांनीच बहुतेकांचे काम भागते. उरलेल्या थोड्यांना वेळेवर ओळखणे, हे आपले खरे कर्तव्य होय.